मराठी टंकन मध्येच गोठते तेव्हा: लिनक्सवरील आयबसच्या तपासणीचा क्रम

“अहो, मराठी बसली!” दिवाळी अंकांची कामे सुरू झाली की ही हाक आमच्या कार्यालयात दिवसातून एकदा तरी ऐकू येते. आप्पा बळवंत चौकाजवळच्या एका लहानशा अक्षरजुळणी कार्यालयातील सात संगणकांची देखभाल माझ्याकडे आहे. काहींवर उबुंटू आहे, काहींवर फेडोरा (दोन्ही लिनक्सची वितरणे), सगळीकडे ग्नोम डेस्कटॉप आहे, आणि मराठी टंकन आयबस या इनपुट पद्धती सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममार्फत होते. एकच बिघाड इतक्या वेळा दुरुस्त केल्यानंतर तपासणीचा एक क्रम हाताला बसला आहे, तो येथे देत आहे.

लक्षणे

“बसली” या एका शब्दाखाली निरनिराळी दुखणी येतात, म्हणून समोर नेमके काय दिसते आहे ते आधी पाहावे. सर्वांत अधिक आढळणारे लक्षण म्हणजे माउस हलतो, खिडक्या उघडतात आणि मिटतात, पण कोठेच अक्षर उमटत नाही. दुसऱ्या प्रकारात इंग्रजी नीट उमटते, मात्र सुपर (विंडोजचे चिन्ह असलेली कळ) आणि स्पेस दाबून मराठीकडे वळल्याबरोबर कळा मुक्या होतात. तिसऱ्यात एखादे अक्षर अधोरेखित अवस्थेत लटकून राहते आणि पुढचे काहीच स्वीकारले जात नाही. चौथ्यात टंकन केवळ एकाच प्रोग्रॅममध्ये थांबते, बाकी सर्व ठिकाणी चालते. पाचव्यात अक्षरे येतात, पण काही सेकंद थांबून, एकदम लोंढ्याने.

यांपैकी कोणते लक्षण आहे ते कागदावर लिहून ठेवावे, असा माझा आग्रह असतो. संगणक बंद करून पुन्हा चालू केला की मराठी बहुतेक वेळा परत येते. मात्र कोण अडकले होते याचा पुरावा त्याबरोबरच पुसला जातो, आणि चार दिवसांनी तीच हाक पुन्हा येते.

अक्षराचा प्रवास

कळ दाबली की तिची खबर कर्नेलकडे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडे, जाते, तेथून डेस्कटॉपकडे, डेस्कटॉपकडून किंवा प्रोग्रॅमकडून आयबसच्या डेमनकडे (पडद्यामागे सतत चालणाऱ्या प्रोग्रॅमकडे), आणि डेमनकडून मराठीच्या इंजिनाकडे. आमच्याकडे हे इंजिन एम१७एन नावाच्या संचातले आहे. इंजिन अक्षर ठरवते आणि ते त्याच वाटेने प्रोग्रॅमपर्यंत परत येते. पंगतीत वाढप्यांच्या रांगेतला एक जण थबकला की पुढच्या पानांवर काहीच पडत नाही, आणि स्वयंपाकघरात भात तयार असूनही लोक आचाऱ्याला दोष देतात. येथे तसेच होते. म्हणून खालची प्रत्येक तपासणी ‘रांगेतला कोण थबकला’ एवढाच प्रश्न विचारते.

पुढे आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीतील लहान अक्षरांत टंकाव्यात.

एस्केप दाबून पाहावे

हसू येईल, पण ही तपासणी फुकट आहे आणि तिसऱ्या लक्षणाचा मोठा भाग तिच्यावरच संपतो. लिबरऑफिसमध्ये शब्द अधोरेखित करण्यासाठी कंट्रोल आणि यू दाबतात. घाईत शिफ्टही दाबली गेली, तर आयबस युनिकोड क्रमांक टंकण्याच्या अवस्थेत जातो. एक छोटा अधोरेखित ‘यू’ दिसतो आणि त्यानंतर कळफलक फक्त अंक व एफपर्यंतची रोमन अक्षरे स्वीकारतो, त्यामुळे मराठी लिहिणाऱ्याला सारे गोठल्यासारखे वाटते. आयबसच्या काही आवृत्त्यांत कंट्रोल आणि पूर्णविराम दाबल्यास भावचिन्हे शोधण्याची अशीच एक अवस्था सुरू होते. दोन्हींतून एस्केपने बाहेर पडता येते.

टर्मिनलमध्ये टंकन थांबले असेल, तर कंट्रोल आणि क्यू दाबून पाहावे. सवयीने कंट्रोल-एस दाबणाऱ्यांना टर्मिनल गोठल्यासारखे दिसते. ती जुनी सोय आहे, आयबसशी तिचा काही संबंध नाही.

शिफ्टची कळ आणि सुलभतेच्या सोयी

हा मुद्दा मी मुद्दाम विस्ताराने लिहितो, कारण इनस्क्रिप्ट ही कळफलकाची मांडणी वापरणाऱ्यांना तो इतरांपेक्षा अधिक छळतो. इनस्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताकडे आणि व्यंजने उजव्या हाताकडे असतात. ‘क’च्या कळेवर शिफ्ट धरली की ‘ख’ येतो, ‘ग’वर धरली की ‘घ’, आणि काना जेथे आहे तेथेच शिफ्टसह ‘आ’ मिळतो. म्हणजे मराठी टंकणाऱ्याची करंगळी दिवसभर शिफ्टवर असते. ग्नोममध्ये सुलभतेच्या सोयी कळफलकावरून चालू करण्याचा पर्याय सुरू असेल, तर शिफ्ट आठ सेकंद दाबून धरल्यास ‘स्लो कीज’ आणि लागोपाठ पाच वेळा दाबल्यास ‘स्टिकी कीज’ चालू होतात. स्लो कीज चालू असताना कळ काही काळ दाबून धरल्याशिवाय अक्षर उमटत नाही, त्यामुळे वेगाने टंकणाऱ्याला एकही अक्षर दिसत नाही.

आमच्याकडच्या एक ज्येष्ठ काकू हस्तलिखितातला शब्द लावताना शिफ्टवर बोट ठेवून विचार करतात. वाक्य ‘आ’ने सुरू होणार असेल, तर शिफ्ट आधीच दाबलेली आणि नजर मात्र कागदावर. त्यांचा संगणक आठवड्यातून दोनदा ‘बसत’ असे आणि मी दोन महिने आयबसची उलथापालथ करत होतो. शेवटी त्यांच्या शेजारी स्टूल टाकून अर्धा तास नुसता बसलो, तेव्हा उलगडा झाला. सेटिंग्जमधील सुलभता विभागात टंकनाखाली हा पर्याय बंद केल्यापासून त्या संगणकाची तक्रार आलेली नाही.

याच वेळी कळफलक उलटा करून हलकेच झाडावा. अडकलेली शिफ्ट किंवा कंट्रोल ही अक्षरे न उमटण्याचे साधे कारण असते, आणि आमच्या एका कळफलकात उजव्या शिफ्टखाली चिवड्यातला पोहा निघाला होता. बिनतारी कळफलक असल्यास त्याची बॅटरी बदलावी, यूएसबीचा असल्यास हब काढून तो थेट संगणकाला जोडावा. दुसरा कळफलक लावून पाहण्यास दोन मिनिटे लागतात, आणि त्याने पुढचे दोन तास वाचू शकतात.

कोठे अडकले ते ओळखणे

आता कॅप्स लॉक दाबावे. त्याचा दिवा लागत आणि विझत असेल, तर कळफलक, कर्नेल आणि डेस्कटॉप तिघेही जागे आहेत असे धरून चालावे. दिवा हलत नसेल, तर आयबसमागे लागण्यात अर्थ नाही. एक तर कळफलक गेला आहे किंवा सारा डेस्कटॉपच थांबला आहे.

दिवा लागत असेल, तर निरनिराळ्या घडणीच्या तीन खिडक्यांत टंकून पाहावे: ग्नोमचा साधा मजकूर संपादक, ब्राउझर आणि लिबरऑफिस. एकाच ठिकाणी अडचण असेल, तर दोष त्या प्रोग्रॅमचा किंवा त्याच्या आयबसशी असलेल्या जोडणीचा आहे. तिन्ही ठिकाणी इंग्रजी चालते आणि मराठी नाही, तर इंजिन थांबले आहे. काहीच चालत नाही, पण सुपर दाबल्यावर खिडक्यांचा पसारा दिसतो, तर डेमन अडकला आहे. एवढे समजले की पुढचा रस्ता निम्म्याने लहान होतो.

जागा आणि स्मृती

टर्मिनलमध्ये «डीएफ», स्पेस, हायफन आणि एच अशी आज्ञा देऊन होम फोल्डरच्या विभागात किती जागा उरली आहे ते पाहावे. विभाग पूर्ण भरला की डेस्कटॉप आणि आयबस आपली सेटिंग्ज व तात्पुरत्या फाइली लिहू शकत नाहीत, आणि दोष भलत्याच ठिकाणी दिसतो. आमच्याकडे मुखपृष्ठांच्या जड फाइली डाउनलोड फोल्डरात साचतात आणि अंक छापायला गेल्यावर त्या कोणीच हलवत नाही. पाचव्या लक्षणात, म्हणजे अक्षरे लोंढ्याने येत असतील तेव्हा, «फ्री» आणि हायफन एच या आज्ञेने स्मृतीही पाहावी. ब्राउझरच्या साठ खिडक्यांनी रॅम संपवून स्वॅप (रॅमऐवजी वापरली जाणारी डिस्कवरची जागा) वापरात आणला असेल, तर आयबस निर्दोष आहे. शब्द सुचवणारे टायपिंग बूस्टर बसवले असल्यास तेही थोडा वेळ काढून पाहावे. शिकलेल्या शब्दांचा त्याचा साठा वाढत जातो आणि जुन्या संगणकावर तो जाणवू शकतो.

इंजिन आणि डेमन पुन्हा उठवणे

हातातला मजकूर माउसने मेनूतून जतन करून घ्यावा आणि मगच पुढे जावे. टर्मिनलमध्ये «आयबस रीस्टार्ट» हे दोन शब्द दिले की डेमन नव्याने उभा राहतो. उघड्या खिडक्यांपैकी बऱ्याच आपोआप जोडल्या जातात. काहींना, विशेषतः जावावर चालणाऱ्या प्रोग्रॅमना, बंद करून पुन्हा उघडावे लागते. ते न केल्यामुळे “उपाय लागू पडत नाही” असे म्हणणारे बरेच भेटतात.

यात एक गंमतशीर अडचण आहे. कळफलक मराठीतच अडकला असेल, तर रोमन लिपीतील आज्ञा टंकायची कशी? म्हणून प्रत्येक संगणकावर मी ही आज्ञा चालवणारे चिन्ह प्रोग्रॅमच्या यादीत आधीच करून ठेवले आहे, ते माउसने दाबता येते. तेही जमत नसेल, तर कंट्रोल, आल्ट आणि एफ३ दाबून मजकुरी पडद्यावर जावे. तेथे आयबस नसतो, त्यामुळे इंग्रजी निर्धास्त टंकता येते. लॉगिन करून «पीकिल», हायफन एफ आणि मग «आयबस-इंजिन-एम१७एन» असे दिल्यास फक्त मराठीचे इंजिन बंद होते. कंट्रोल, आल्ट आणि एफ२ किंवा एफ१ दाबून परत यावे आणि मराठी पुन्हा निवडावी, म्हणजे डेमन नवे इंजिन सुरू करतो. सरसकट डेमन मारण्यापेक्षा मला हे बरे वाटते. एवढ्यावर मराठी परत आली, तर दोष इंजिनाचाच होता हेही त्यातून कळते.

मजकुरी पडदाही उघडत नसेल, तर जाळ्यातील दुसऱ्या संगणकावरून एसएसएचने (जाळ्यावरून लॉगिन करण्याच्या सोयीने) शिरून पाहावे. वेलॅण्डवर, म्हणजे पडदा आणि कळा हाताळणाऱ्या नव्या प्रणालीवर, त्या तीन कळांची दखलही डेस्कटॉपच घेतो, त्यामुळे तो गोठला असेल तर त्या निरुपयोगी ठरतात. यंत्र मात्र आतून जिवंत असू शकते.

जुन्या सल्ल्यांचा गाळ

वारंवार गोठणाऱ्या संगणकावर मला सर्वांत जास्त वेळा जे सापडले, ते हेच. मराठी सुरू करण्यासाठी कोणीतरी कधीकाळी एका जुन्या लेखातून तीन ओळी उचलून प्रोफाइल फाइलमध्ये किंवा ईटीसी फोल्डरातील एन्व्हायर्नमेंट फाइलमध्ये टाकलेल्या असतात: जीटीके_आयएम_मॉड्यूल, क्यूटी_आयएम_मॉड्यूल आणि एक्समॉडिफायर्स. ग्नोमने २०१२ सालच्या ३.६ आवृत्तीपासून आयबस स्वतःतच सामावून घेतला आहे. वेलॅण्डवर प्रोग्रॅम डेस्कटॉपमार्फत आयबसशी बोलतात, आणि जीटीकेची ती ओळ त्यांना ही वाट सोडून थेट आयबसकडे जायला लावते. मग काही प्रोग्रॅम एका वाटेने आणि काही दुसऱ्या वाटेने जातात, आणि ‘फक्त एकाच प्रोग्रॅममध्ये’ हे चौथे लक्षण जन्माला येते. वेलॅण्डवर ग्नोम वापरणाऱ्यांनी जीटीकेची ओळ काढावी, म्हणजे तिच्यापुढे हॅशचे चिन्ह टाकावे, आणि लॉगआउट करून पुन्हा आत यावे. ओळ पुसून टाकू नये. परत लावण्याची वेळ आली, तर ती कशी होती हे आठवत नाही.

त्याच वेळी आयबस आणि फसिटिक्स (आयबससारखाच दुसरा प्रोग्रॅम) दोन्ही एकदम चालू नाहीत ना, हेही पाहावे. दोघेही कळफलकावर हक्क सांगतात. डेबियन व उबुंटूवर «आयएम-कॉन्फिग» या आज्ञेने एकाचीच निवड करता येते, तर केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपच्या वेलॅण्ड सत्रात ही निवड सेटिंग्जमधील व्हर्च्युअल कीबोर्ड विभागात असते. मला स्वतःला यांपैकी कोणाचाही विशेष अभिमान नाही, पण एका घरात एकच असावा.

एकाच प्रोग्रॅमची अडचण उरली, तर तो स्नॅप किंवा फ्लॅटपॅक म्हणून बसवला आहे का ते पाहावे. असे प्रोग्रॅम आपली लायब्ररी स्वतःबरोबर आणतात आणि बाहेरच्या आयबसशी त्यांचे जुळतेच असे नाही. तोच प्रोग्रॅम वितरणाच्या नेहमीच्या पॅकेजातून बसवून तुलना करावी. वेलॅण्डवर चालणाऱ्या क्रोमच्या बाबतीत काही आवृत्त्यांना वेलॅण्ड-आयएमई हा पर्याय वेगळा चालू करून द्यावा लागतो.

इंजिन टाळण्याचा मार्ग

इनस्क्रिप्ट वापरणाऱ्यांसाठी माझा सल्ला स्पष्ट आहे. इनपुट सोर्सच्या यादीत ज्या नावापुढे एम१७एन लिहिलेले असते, ती मांडणी इंजिनामार्फत चालते. त्याऐवजी एक्सकेबी या कळफलक-मांडण्यांच्या मूळ व्यवस्थेतली देवनागरी मांडणी निवडली, तर वेगळ्या इंजिनाची गरजच उरत नाही, कारण तेथे प्रत्येक कळेला तिचे चिन्ह थेट नेमून दिलेले असते. रांगेतला एक वाढपी कमी झाला. मात्र ‘क्ष’ किंवा ‘ज्ञ’ एकाच कळेने हवे असणाऱ्यांनी आधी थोडे टंकून पाहावे, कारण एक्सकेबीमध्ये एक कळ म्हणजे साधारणपणे एकच चिन्ह असते आणि जोडाक्षरे हलन्त देऊन बांधावी लागतात. ध्वनीवर आधारित टंकन करणाऱ्यांसाठी एक्सकेबीत मराठी कागप ही मांडणी आहे, पण रोमन स्पेलिंग लिहून मराठी मिळवण्याची सवय असलेल्यांना ती परकी वाटते. त्यांना इंजिन सोडवत नाही.

नवे खाते, मग साठवण

येथवर येऊनही बिघाड पुन्हा पुन्हा होत असेल, तर सेटिंग्जमधून एक नवे वापरकर्ता खाते काढावे, त्यात फक्त मराठी जोडावी आणि एक दिवस तेथेच काम करावे. नव्या खात्यात सारे सुरळीत चालले, तर दोष जुन्या खात्याच्या फाइलींत आहे. तेथेही गोठले, तर तो प्रणालीत किंवा यंत्रात आहे. ही तपासणी कंटाळवाणी आहे, पण माझ्या मते सर्वांत प्रामाणिक आहे.

दोष खात्यात असेल, तर होम फोल्डरातील लपलेल्या कॅश फोल्डरमधील आयबसचे फोल्डर दुसऱ्या नावाने बाजूला ठेवून लॉगआउट करावे. आयबस ते पुन्हा तयार करतो. आमच्या पेठेत गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली आणि इन्व्हर्टरनेही दगा दिला, तर अर्धवट लिहिलेल्या फाइली मागे राहतात. एका संगणकावर अशीच शून्य आकाराची फाइल मिळाली होती. तेवढ्याने भागले नाही, तर «आयबस रीसेट-कॉन्फिग» देऊन आयबसच्या आवडीनिवडी मूळ स्थितीला आणाव्यात. त्यापूर्वी सध्याच्या सेटिंग्जचे छायाचित्र मोबाइलवर घेऊन ठेवावे.

नोंदी वाचणे

गोठण्याची वेळ घड्याळात पाहून लिहिली असेल, तर आता तिचा उपयोग होतो. «जर्नलसीटीएल» या आज्ञेला दोन हायफन यूजर आणि एक हायफन बी हे पर्याय दिले की यंत्र शेवटचे सुरू झाल्यापासूनच्या आपल्या खात्याच्या नोंदी मिळतात, त्यांत त्या मिनिटाला आयबस किंवा ग्नोम-शेल काय म्हणाले ते शोधावे. «कोअरडम्पसीटीएल लिस्ट» ही आज्ञा कोणता प्रोग्रॅम कोसळला त्याची यादी देते. इंजिनाचे नाव तेथे वारंवार येत असेल, तर सर्व पॅकेजे अद्ययावत करून यंत्र पुन्हा सुरू करावे, आणि आयबस व एम१७एनची पॅकेजे नव्याने बसवावीत. अर्धवट अद्ययावत झालेल्या प्रणालीत डेमन नवा आणि इंजिन जुने, असे विजोड जोडपे तयार होते. लॉगिनच्या पडद्यावर एक्सऑर्गचे, म्हणजे वेलॅण्डपूर्वीच्या जुन्या प्रणालीचे, सत्र उपलब्ध असेल, तर तेही वापरून पाहता येते. उबुंटूच्या २५.१० आवृत्तीपासून ग्नोमसाठी ते मिळत नाही.

कोठे थांबावे

कर्नेलच्या नोंदींत डिस्कच्या नावासह आय/ओ एरर दिसू लागले, तर त्या क्षणी सगळी खटपट थांबवावी. तेव्हा दुखणे कळफलकाचे नसून डिस्कचे असते. पॅकेजे पुन्हा बसवणे, कॅश हलवणे, यंत्र वारंवार चालू-बंद करणे यांतले काहीही करू नये. जमेल तेवढा मजकूर बाहेरच्या डिस्कवर घ्यावा आणि यंत्र जाणकाराच्या हाती द्यावे. लॅपटॉपवर चहा सांडला असेल, तर बाजूचा कळफलक लावून काम ढकलण्याचा मोह टाळावा. लॅपटॉप बंद करून थेट दुरुस्तीला न्यावा, कारण ओल कळांखालून मदरबोर्डपर्यंत जाते. यंत्र कंपनीचे असेल, किंवा होम फोल्डर कूटबद्ध असून त्याची पुनर्प्राप्तीची सांकेतिक किल्ली आपल्याकडे नसेल, तर नव्या खात्याच्या तपासणीपाशी थांबावे आणि कंपनीच्या तंत्रज्ञाला बोलवावे. आणि दुसरा कळफलक, नवे खाते व अद्ययावत प्रणाली असूनही कॅप्स लॉकच्या दिव्यासकट सगळे गोठत असेल, तर ते काम रॅम, ग्राफिक्स किंवा मदरबोर्ड तपासणाऱ्याचे आहे.

तंत्रज्ञाकडे जाताना चार गोष्टी एका कागदावर न्याव्यात: वितरणाचे नाव व आवृत्ती, सत्र वेलॅण्डचे की एक्सऑर्गचे, गोठण्याच्या शेवटच्या तीन वेळा, आणि तिन्ही खिडक्यांत टंकून काय दिसले ते. आमचा सातवा संगणक मी अशाच कागदासह दुरुस्तीला दिला होता. तंत्रज्ञाने तो कागद वाचला, आयबसकडे पाहिलेही नाही, रॅमची एक पट्टी काढली आणि दुसरी लावून दिली.